पिशवीवरचं पेन

मुलगी फ्रान्सला शिकायला गेल्यापासून व्हिडिओ कॉलवर मी तिच्याकडे कमी आणि तिच्या मागे जास्त बघते. बेंगळुरूच्या होस्टेलात असताना तिनं कावीळ आमच्यापासून लपवली होती. दुधानं तोंड पोळलंय, आता ताकही फुंकूनच पिणार.

त्या रविवारी तिच्या मागच्या टेबलावर एक कागदी पिशवी दिसली. वर पी, ए, आय, एन. माझं इंग्रजी बेताचंच, पण ही अक्षरं पाठ आहेत. यंत्रमागावर दिवसभर उभं राहून कंबर धरली की आमच्या वडगावच्या घरात खडेबाजारातून मलम येतं, त्याच्या नळीवर हीच असतात. पेन म्हणजे दुखणं.

"कसलं औषध गं ते?"

ती हसली. "औषध न्हाय आई, पाव हाय. फ्रेंचमध्ये पावाला असंच लिवतात. म्हणायचं मात्र पँ."

खायच्या वस्तूला दुखण्याचं नाव कोण ठेवील? मला पटेना. शेजारून नवरा म्हणाला, "अगं, आपल्या हितं कन्नडात दुधाला हालु म्हणत्यात. म्हणून गवळी काय आपलं हाल करतोय व्हय?"

बरं, पाव तर पाव. पण पाव तरी कशाला? आमच्यात पाव येतो तो कुणाला ताप आला की, चहात बुडवून द्यायला. धडधाकट माणूस भाकरी खातो, आणि जोंधळ्याचं पीठ तर मी तिच्या बॅगेत गच्च भरून दिलं होतं. पाणी कुठंतरी मुरत होतं.

"पिशवी उघड. दाखव."

"लई संशयी हाईस बघ तू," म्हणत तिनं लांबलचक पाव बाहेर काढला आणि दातानं तुकडा तोडला. पाव डाव्या हातात होता. जेवताना कुणी अन्नाला डावा हात लावला तर घरभर ओरडणारी ही पोरगी.

"उजवा हात वर कर."

"आई..."

"कर म्हणते न्हवं!"

कोपरापासून मनगटाच्या पुढंपर्यंत प्लास्टर. बर्फावरून घसरली होती. "भाकरी थापता येत न्हाय, म्हणून पाव आणते," ती हळूच म्हणाली. माझा संशय खरा निघाला याचाच मला इतका राग आला, की कधी पडली, डॉक्टर काय म्हणाला, सगळं विचारायचं राहूनच गेलं.

"वेणी कोण घालतंय गं तुझी?"

"कोण न्हाय," ती म्हणाली, आणि रडायला लागली.