पाणचक्कीचा दगड आणि देवरावमामा

"दगड पाहून आली काय?" देवरावमामांचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं हे. दवाखान्यात नाकाला नळी, हाताला सुई, आणि माणसाला काळजी कशाची, तर सेक्टर दहातल्या त्यांच्या क्वार्टरच्या अंगणातल्या दगडाची! मी वैतागले. "पाहून आली मामा. दगड काय उडून जाते? झोपा तुम्ही." ते झोपले नाहीत, छताकडे पाहत राहिले... दुसऱ्या दिवशी मामींचा फोन आला तेव्हा मी स्मृती नगरच्या घरी कुकर लावत होते. शिट्टी झाली तरी मी फोन हातात धरून उभीच.

आता महिना उलटला. मामांच्या नावानं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले आणि मामांची काळजी माझ्या मानगुटीवर येऊन बसली.

हा दगड पाणचक्कीचा. मामांचे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या गँगमध्ये इकडे आले. दुर्गच्या पुढे लाइनीच्या कडेला, नाल्याजवळ आपली माणसं वसली. शेजारच्या गावात दळणाची सोय होती, पण तिथे आमच्या लोकांची पाळी सगळ्यात शेवटी, टोपली लांब ठेवून. दिवस कलला तरी बायका उन्हात ताटकळत. मग वस्तीनं ठरवलं, आपली चक्की आपण उभी करू. नाल्याला बांध घातला, पाट काढला, रुळांखालच्या टाकून दिलेल्या स्लीपरच्या लाकडाची पाती करून आडवं चाक बसवलं. पाणी पात्यांवर पडलं की चाक फिरे आणि त्याच्या दांड्यावर हा वरचा दगड. दरवर्षी नाला आटेपर्यंत बायकांचे हात जात्यापासून सुटले. त्या चक्कीचा नियम एकच होता : वस्तीत जो सगळ्यात शेवटी राहायला आला, त्याचं दळण पहिले. जुने थांबतील. हे सांगताना मामा दर वेळी बोट वर करत. "माह्या आजाले थांबाची सवय होती, पोरी. पण नव्या माणसाले थांबवाचं नाही, हे त्यानंच ठरवलं."

पुढे विजेची चक्की आली, मामा पोलादाच्या प्लांटमध्ये लागले, क्वार्टर मिळालं, वस्ती पांगली. नाला बुजवणार असं कळलं तेव्हा मामांनी ओळखीच्या ट्रकमधून हा दगड आणून पेरूच्या झाडाखाली ठेवला. ती चक्की फिरताना पाहिलेलं शेवटचं माणूस मामाच. दगड गोल, काळा, मधोमध भोक... त्यांना धास्ती एकच. "कोणी शेंदूर फासला का संपलं! मंग नारळ, मंग झेंडा. आमच्या लोकाईनं घाम गाळून केलेली चीज देवाची होऊन जाईन." मामी चिडवत, "यायचं लग्न माह्याशी नाही, गोट्याशी झालं." आम्ही पोटभर हसायचो. मामा मात्र गावाला गेले तरी फोन करून विचारत, दगड पाहिला काय?

मामा गेले आणि क्वार्टर रिकामं करायचं आलं. मामी माझ्याकडे आल्या. पुण्याचा मामेभाऊ म्हणाला, "ताई, फोटो काढून ठेव ना." फोटो! माझं घर दुसऱ्या मजल्यावर, दगड चार माणसांना हलत नाही. खाली ठेवू द्या म्हटलं तर सोसायटीवाले नाक मुरडतात. अशात कळलं, क्वार्टरमध्ये नवीन कुटुंब आलंसुद्धा. त्यांना काय ठाऊक हा कशाचा दगड? फोडतील, फेकतील, नाहीतर... मोहन नगरच्या एकाचा टेम्पो ठरवला, दगड कुठे ठेवायचा ते नंतर पाहू म्हटलं, आणि आधी स्कूटीनं एकटीच गेले.

कुंपणापाशी पोचून आत डोकावले. पेरूखाली लालभडक! सगळा दगड लाल. मामा, तुमची धास्ती खरी झाली हो... मी फाटक ढकलून आतच घुसले.

मिरच्या होत्या. वाळत घातलेल्या लाल मिरच्या.

आतून तिशीतली बाई लगबगीनं आली. मला रडू येत होतं की हसू, मलाच कळेना. तिला वाटलं, मी रागावले. "दीदी, आप लोगों का है क्या ये? हम तो अभी-अभी आए हैं, हमको मालूम नहीं था. इस पर धूप अच्छी आती है, तो..." ती घाईघाईनं मिरच्या सुपात भरायला लागली.

अभी-अभी आए हैं. मी तिचा हात धरला. "रहने दीजिए. पहले आपका." तिनं सूप खाली ठेवलं. मग तिथेच पायरीवर बसून तिला पाट, चाक, स्लीपरची पाती, सगळं सांगितलं. तिनं चहा पाजला. टेम्पोवाल्याला नको म्हणून फोन केला.

काळजी गेली असं नाही. बदली होईल, क्वार्टर पुन्हा कोणाला मिळेल, कोण जाणे. म्हणून कॉलेजातल्या नोकरीवरून परतताना वाकडी वाट करून सेक्टर दहातून येते, कुंपणावरून डोकावते. मामी दारातच उभ्या असतात आणि चपला काढायच्या आत विचारतात, "दगड पाहून आली काय?"

"पाहून आली, मामी. आज पापड हायेत."