दुष्काळ पाहणी, धारूरच्या घाटातून

सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला आणि आमच्या दूध संघाला दुष्काळ पाहायची इच्छा झाली. मी संघाच्या बीडच्या कचेरीत कारकून होतो. संघ एक चारा छावणी काढणार होता, एकच, आणि ती कुठल्या गावात काढायची हे संचालक मंडळ स्वतः फिरून ठरवणार होतं. यादीत दोन गावं होती. एक अध्यक्षांची सासुरवाडी, दुसरं माझं गाव, घाटनांदूरच्या बाजूला डोंगरात. माझ्या गावाचं नाव मीच हातापाया पडून घालून घेतलं होतं. गावी थोरल्या भावाची बैलजोडी होती आणि कडबा संपत आला होता. छावणी आली नाही तर जोडी विकावी लागेल, हे त्यानं मला दोनदा कळवलं होतं.

सरळ रस्ता सोडून अध्यक्षांनी वडवणी, तेलगाव आणि मग धारूरचा घाट असा रस्ता निवडला. म्हणाले, "दुष्काळ बघायचाच हाय, तर जरा चांगल्या रस्त्यानं बघू." दोन जीपगाड्या निघाल्या. घाटात डोंगर उघडेबोडके, तांबूस, नजर जाईल तिथवर दगडच. एक संचालक म्हणाले, "पावसाळ्यात हितं काय हिरवं दिसतं!" मग सगळे त्या दगडांकडे बघत हिरवाईचं कौतुक करत राहिले. वळणावर उतरून फोटो झाले. पाण्याला निघालेल्या बाया मधे येत होत्या, त्यांना जरा बाजूला व्हायला सांगितलं.

धारूरला स्थानिक सोसायटीनं सत्कार केला. भर एप्रिलात प्रत्येकाच्या अंगावर शाल. घामानं निथळत मंडळी किल्ल्यावर गेली. तिथल्या कोरड्या हौदात वाकून अध्यक्ष म्हणाले, "जुन्या लोकांना पाण्याची कदर होती," आणि हातातल्या बाटलीतल्या उरलेल्या पाण्यानं चूळ भरून हौदातच टाकली. अंबाजोगाईला देवीचं दर्शन, जेवण आणि विश्रामगृहात दोन तासांची वामकुक्षी. दुष्काळ कुठं पळून जाणार नव्हता.

आता माझी चूक सांगतो. दौऱ्याच्या चार दिवस आधी मी एसटीच्या कंडक्टरच्या हाती गावाला निरोप धाडला होता, "मोठी माणसं येतायत, गावाची अब्रू राखा." माझ्या मनात होतं की पार झाडा, खाटा टाका, चहाला दूध ठेवा. एवढंच. पण अब्रू म्हणजे काय, हे गावाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आम्ही पोचलो तेव्हा मारुतीच्या पाराजवळ पोळा भरला होता. भर उन्हाळ्यात! विहिरीच्या तळाचं पाणी उपसून बैल धुतलेले, शिंगांना रंग, कपाळाला बाशिंगं, अंगावर नक्षीच्या झुली. राखून ठेवलेला कडबा दोन दिवस पोटभर घातला होता, म्हणून जनावरं डोळे मिटून निवांत रवंथ करत होती. ज्यांना उभंच राहवत नव्हतं, ती टेकडीमागच्या ओढ्यात नेऊन बसवली होती. आमच्याकडे माणूस फाटक्या सदऱ्यानं पाहुण्यापुढं जाईल, पण हाडं निघालेलं जनावर दाखवणार नाही. ती धन्याची नामुष्की. मी हे जन्मापासून जाणतो. तरी निरोप देताना माझ्या डोक्यात आलं नाही, कारण बीडला राहून माझं डोकं कचेरीचं झालं होतं.

"ही दुष्काळातली जनावरं म्हनायची?" एक संचालक हसले. "आमच्या घरची याच्यापरीस रोडकी हायेत की!"

अध्यक्षांनी नेमकी माझ्या भावाच्या बैलाच्या मानेवर थाप मारली. "लई झ्याक ठिवलीत हो!"

भावाची छाती फुगली. "जनावर म्हंजी लेकरू, साहेब. आमी उपाशी ऱ्हाऊ, पर त्याला ठिवनार न्हाई."

संपलं. मी हातभर अंतरावर उभा होतो. बैलानं अंग झाडलं तशी झूल घसरली आणि कातड्याखालच्या बरगड्या, एकेक मोजावी अशा, उघड्या पडल्या. अध्यक्ष तेव्हा शिंगांचा रंग बघत होते. मी नुसतं "साहेब, हिकडं बघा" म्हणायचं होतं. भाऊ माझ्याकडे बघत होता, इतका खूश, की मी चटकन पुढं होऊन झूल सारखी केली. आजही ती आठवण आली की माझा मला संताप येतो.

जीपमध्ये अध्यक्षांनी अहवाल सांगितला आणि मी लिहिला: पशुधन उत्तम, चारा पुरेसा, ग्रामस्थ उत्साही. दुसऱ्या दिवशी सासुरवाडीला गेलो. तिथं दुष्काळ कसा दाखवायचा हे माहीत असलेली माणसं होती. शेजारच्या वस्तीवरची मरतुकडी जनावरंसुद्धा मागून आणून पुढच्या रांगेत बांधलेली. संचालकांचे डोळे पाणावले. छावणी तिथं निघाली.

पंधरा दिवसांनी भाऊ बीडला माझ्या खोलीवर आला. जोडी बाजारात देऊन सरळ इकडंच आला होता. मी चहा केला. तो बशीत ओतून फुंकर घालू लागला.

"त्या लोकांनी म्हनं हाडकं म्होरं बांधली. पाव्हन्याला असं कसं दावावं रं?" मग बशी खाली ठेवून म्हणाला, "आमाला न्हाई कळलं. पर तू तर त्यांच्यासंगंच व्हतास. तुला समदं ठावं व्हतं. एक शबूद बोलला असतास."

"दौऱ्यात कारकुनानं बोलायचं नसतं, दादा," मी म्हणालो.

त्यानं खरंच विचार केला. मान हलवली. "बरुबर हाय," म्हणाला, "नोकरी हाय," आणि उरलेला चहा पिऊन टाकला.