पान सुटलं

बाबांना जाऊन अजून महिना झालेला नाही. घरी येणारा प्रत्येक जण त्यांच्याविषयी काही चांगलं बोलून जातो, आणि जाता जाता माझ्याविषयीही. माझ्याविषयी जे बोलतात ते खरं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही — बाबांनाही नाही. आता ते नाहीत म्हणून सांगणं सोपं झालं असेल, असं तुम्हांला वाटेल. तसं झालेलं नाही.

बाबा गिरणीतून निवृत्त झालेले. आमचं घर महाल या जुन्या वस्तीत. रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळामागे, कडुलिंबाखाली, त्यांचे जुने सोबती जमायचे. परवान्याच्या दुकानातून भांग यायची. ती मिरं, बडीशेप घालून पाट्यावर वाटायचा मान बाबांचा. दुधात कालवून थोडी थोडी घ्यायची, मग गिरणीच्या गोष्टी, एकमेकांची टिंगल. जेवायच्या वेळेला सगळे आपापल्या घरी. कुणाला काही त्रास नव्हता. मग मला काय झालं होतं?

मी रामदासपेठेत एका वकिलांच्या कार्यालयात कायद्याची पुस्तकं सांभाळायचे. वकीलसाहेबांनी एकदा बाबांना देवळापाशी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी हसून म्हणाले, "तुमचे वडील रंगात असतात वाटतं." वाईट हेतू नसावा. पण मला ते लागलं. मी शिकलेली, आणि माझा बाप भांग पितो — हे मी किती दिवस मनात उगाळत होते, ते सांगायचीही लाज वाटते.

पंच्याऐंशी सालच्या हिवाळ्यात दिल्लीचा नवा कायदा लागू झाला. गांजा, चरस, अफू — सगळ्याला कडक शिक्षा. पुस्तक आधी माझ्याच हातात आलं. व्याख्या मी नीट वाचली. गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. फुलोरा सोबत नसेल, तर नुसती पानं आणि बी त्यात धरलेली नाहीत. आणि भांग म्हणजे तर त्याच झाडाचं नुसतं पान. तिचं काय करायचं ते राज्याच्या कायद्यावर सोडलेलं, आणि आमच्याकडे परवाना पूर्वीसारखाच चालू होता.

हे सगळं मला कळलं होतं. तरी घरी येऊन मी सांगितलं — भांग बंद झाली, आता तुरुंग होतो.

बाबांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "काहून वं, दिल्लीवाल्यांले माह्या भांगेशी काय करायचं हाये?"

दुकान तर उघडंच होतं. तेही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, परवाना विकणाऱ्याला आहे, पिणाऱ्याला नाही. खोटं बोलताना माणूस किती चटकन हुशार होतो, नाही?

त्यांनी विश्वास ठेवला. पोरगी कायद्याच्या ऑफिसात आहे, आपल्यापायी तिची नोकरी जायला नको, असं त्यांनी सोबत्यांना सांगितलं. त्यांच्यातल्या पांडुरंगकाकांनी टोमणा मारला, "तू तं आता वकिलाचा बाप झाला गा." पण तुरुंगाची भीती त्यांनाही वाटलीच. एकेक जण यायचा थांबला. भांगेबरोबर ती बैठकही मोडली. हे होईल असं माझ्या मनात आलं नव्हतं — की आलं होतं?

दोन हिवाळे बाबा संध्याकाळी रेडिओपाशी बसून राहिले. तक्रार नाही, राग नाही.

मग एक दिवस मी स्वयंपाकघरात गेले, तर ते पाट्यावर काहीतरी वाटत होते. मिरं आणि बडीशेप. दुसरं काही नाही. शेजारी दुधाचा पेला. मला पाहून त्यांनी वरवंटा बाजूला ठेवला.

"कायद्याले बडीशेप तं चालते ना वं?"

ते गंमत करत नव्हते. खरंच विचारत होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले आणि म्हणाले, "बाबा, पान सुटलं. दिल्लीनं कायदा बदलला." एका खोट्यावर दुसरं. ते केवढे हसले. "सरकारले अक्कल आली म्हणा," म्हणाले, टोपी घातली आणि चहा न घेताच निघाले.

बैठक पुन्हा भरू लागली, ती त्यांच्या शेवटच्या आजारापर्यंत. परत येताना ते गल्लीच्या तोंडापासून गुणगुणत यायचे. ती वर्षं खोटी होती असं मला म्हणता येत नाही. मी ती डोळ्यांनी पाहिली आहेत. पण आधीचे दोन हिवाळे त्या वर्षांनी भरून निघाले नाहीत.

आणि एक. बाबांनी गावभर सांगितलं, की माझ्या पोरीनं दिल्लीला अर्ज करून पान सोडवलं. मी तसं कधी म्हटलं नव्हतं. नाही असंही म्हटलं नाही.

परवा पांडुरंगकाका काठी टेकत आले. म्हणाले, "तुह्या बापाची जागा खाली हाये, पण बैठक चालू हाये. तू पान सोडवलं, तुले कसं विसरू? ये वं कधी, तुले नुसतं इलायचीचं दूध देऊ." मी चहा पुढे केला.

उद्या संध्याकाळी मी देवळामागे जाणार आहे. बोलायचं आहे ते फार नाही. पान दिल्लीनं कधी धरलंच नव्हतं. ते मी धरलं होतं.