बाथरूममधली दांडी

चष्मेवाल्याचं उभं आयुष्य मुंगीएवढे स्क्रू फिरवण्यात गेलं. पन्नाशी दिसू लागली तेव्हा त्याला वेल्डिंगचा नाद लागला. तोही साधा नाही, टिग वेल्डिंगचा. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात भरायची बारीक तार, पाय पेडलवर आणि तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा. बायको म्हणायची, इतरांच्या नवऱ्यांना या वयात ब्लडप्रेशर होतं, आमच्याकडे गॅसचं नळकांडं आलं.

मशीन मागच्या पत्र्याच्या खोलीत बसलं. तिथलं कपडे धुण्याचं यंत्र बाहेर बोळात आलं आणि येता-जाता सगळ्यांच्या कमरेला त्याचा कोपरा लागू लागला.

टॉर्चच्या टोकाला टंगस्टनची सुई असते. ती वितळलेल्या थेंबाच्या अगदी जवळ धरायची, पण टेकू द्यायची नाही. टेकली की बिघडली, मग पुन्हा घासून टोक काढा. सुरुवातीला त्याचा सगळा वेळ जोडण्यापेक्षा घासण्यातच जायचा. शिकवायला मोबाइलवरचे व्हिडिओ होते. त्यांत जोडावर नाणी एकावर एक सरकवून ठेवावीत तशी सोनेरी झाक असलेली ओळ पडायची. त्याला तशी ओळ हवी होती. दुकानात गिऱ्हाईक काच पुसत असलं तरी याचं बोट काउंटरवर तीच ओळ गिरवत असायचं.

अशातच आई बाथरूममध्ये घसरली. कोपर भिंतीला लागलं, मोडलं काही नाही. पण तेव्हापासून ती अंघोळीला गेली की घरातला प्रत्येक जण हातातलं काम तसंच ठेवून पाण्याचा आवाज ऐकत बसायचा.

बायकोने सांगितलं, दुकानातून धरायची तयार दांडी आणा आणि लावून टाका. तो म्हणाला, मी करतो. तिने स्वयंपाकघरातल्या फळीकडे नुसतं पाहिलं. ती फळी त्यानेच ठोकली होती आणि बरणीच्या झाकणापुरताच भार सोसत होती. त्याने जेवण अर्धं टाकलं. शेवटी आईनेच मिटवलं. "करू दे त्याला," ती म्हणाली.

आईने डोळे चांगले होते तोवर शिवणकाम केलं. कोणी नवा ब्लाउज दाखवला की ती आधी तो उलटा करायची. सरळ बाजू सगळेच चांगली करतात, हे तिचं नेहमीचं बोलणं. सुनेने लग्नात नेसायच्या साडीवरचा ब्लाउज मोठ्या हौशीने दाखवला, तेव्हाही तिने तो पाहुण्यांसमोर उलटा केला होता. सून ते अजून विसरलेली नव्हती.

त्याने स्टीलच्या नळीच्या दोन दांड्या केल्या. दोन्ही टोकांना भिंतीत बसवायच्या जाड गोल चकत्या. पहिली बरी झाली, दुसरी देखणी. दुसरीवर ती सोनेरी ओळ अखेर आली. त्याने ती दुसरी दांडी भिंतीत बसवली आणि आईला बोलावलं. आईने तिच्यावरून हात फिरवला, छान झाली म्हणाली. आतून कशी आहे, हे तिने विचारलं नाही. तिने ते विचारलं नाही, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

त्याच सुमारास बेसिन हलायला लागलं. बायकोने प्लंबरला बोलावलं, त्याने आवळून दिलं. पुन्हा हललं. पुन्हा आला तेव्हा बायकोने त्याची अशी काही हजेरी घेतली की तो चहा न पिताच गेला.

कोपऱ्यावर लोखंडी गेट बनवणारे काका होते. चष्मेवाला त्यांच्याकडून तुकडे आणायचा. त्याने दांडीचा फोटो त्यांना दाखवला. काकांनी मोबाइल लांब धरून पाहिला.

"दिसायला झकास," ते म्हणाले. "तोडून बघितलीस का?"

चांगली झालेली वस्तू कोण तोडतं, असं तो हसून म्हणाला. काका हसले नाहीत. शिकताना आम्ही तोडण्यासाठीच जोडायचो, ते म्हणाले, आणि आपल्या कामाला लागले.

रविवारी सकाळी त्याने पहिली दांडी बाकावरच्या शिकंजात आवळली आणि हातोडा मारला. नळी वाकेल, अशी त्याची समजूत होती. दुसऱ्या घावाला चकती सुटून डब्याच्या झाकणासारखी खणखणत फरशीवर गेली. ओळ नळीवर जशीच्या तशी होती. चकतीवर मात्र ती जिथे रुतायला हवी होती, तिथे फक्त एक फिकट कडं होतं. पातळ नळीला भोक पडेल या भीतीने त्याने आच कमी ठेवली होती. जाड चकती वितळलीच नव्हती. बशीवर सांडलेलं मेण गोठावं, तसा धातू तिच्यावर नुसता बसला होता. आणि भिंतीतल्या दांडीला त्याने आच याहून कमी दिली होती, रंग टिकावा म्हणून.

तो घरात धावला. आई अंघोळीला गेल्याचं बायकोने सांगितलं.

दाराला आतून कडी होती. ओरडावं, तर ती दचकून वळेल. गप्प राहावं, तर ती उठताना दांडीच धरेल. आतला मग्गा बादलीत पडला, पाणी थांबलं. आता ती उठणार होती. तो दाराला तोंड लावून शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाला, "आई, दांडीला धरू नकोस."

आतून आवाज आला,

"मी कधी धरते?"

ती बाहेर आली तेव्हा तो बोळात कपडे धुण्याच्या यंत्राला टेकून उभा होता. मग उठतेस कशी, असं त्याने विचारलं. बेसिनला धरून, ती म्हणाली.

हातात पीठ तसंच घेऊन बायको आली. त्याने आत जाऊन बेसिन खाली दाबलं. ते बोटभर पुढे आलं. मागचा एक बोल्ट भिंतीतून निघून लोंबत होता.

"आणि मी त्या प्लंबरला नाही नाही ते बोलले," बायको म्हणाली. मग दोघांकडे पाहून म्हणाली, "एक विचारत नाही आणि एक सांगत नाही. मधल्यामध्ये भिंत पडायची."

"मला सांगायचं तरी," तो आईला म्हणाला.

"दांडी दाखवताना तुझं तोंड पाहिलं होतं ना मी." आईने ओला टॉवेल झटकला. "लहानपणी मला स्टूल केलं होतंस. आठवतं? त्याच्यावरही मी कधी बसले नाही."

त्याला आठवलं. त्या स्टुलावर वर्षानुवर्षं कुंडी होती. आईने ते मिरवायला ठेवलंय, असं तो आजवर समजत होता.

दुपारी बायकोने स्वतः जाऊन तयार दांडी आणली. प्लंबरने ती बसवली, बेसिनही बसवलं, आणि या वेळी चहा घेतला. चष्मेवाल्याने आपली दांडी काढून शिकंजात धरली. ती पहिल्याच घावाला सुटली.

आता तो काही बनवत नाही. दोन तुकडे जोडतो, तोडतो, ढिगात टाकतो. एके दिवशी आई भिंतीला धरत मागच्या खोलीपर्यंत आली, तेव्हा नुकताच तोडलेला एक तुकडा बाकावर निवला होता. तिने तो उचलला, उलटा केला आणि डोळ्यांजवळ नेला. तो मुखवटा वर करून पाहत राहिला.

"सुटतंय अजून," ती म्हणाली.

"हो. एका बाजूने."

"मग लावू नकोस एवढ्यात कुठे."

तिने तुकडा ढिगात टाकला आणि तो पुढचा कापेपर्यंत दारातच उभी राहिली.