मिटलेला डोळा

माझा मोठा भाऊ घड्याळजी. उजव्या डोळ्याला भिंग लावायचं, डावा घट्ट मिटायचा आणि खसखशीएवढ्या स्क्रूंशी दिवसभर झटायचं, अशी त्यानं तीस वर्षं काढली. डाव्या डोळ्याला तो ‘आमचा ऐतखाऊ’ म्हणायचा.

कंबर मात्र तरुणपणापासून दगा देत आलेली. सकाळी पलंगावरून उठायलाच अर्धा तास, मग हळूहळू गाडी रुळावर. सांध्यांच्या डॉक्टरांनी मणक्याचा संधिवात सांगितला, औषधं दिली. जरा बरं वाटलं की हा शहाणा ती बंद करायचा.

गेल्या वर्षी डावा डोळा अधूनमधून लाल व्हायला लागला. उजेड सहन होईना. “मिटून मिटून दमला असेल,” दादा म्हणाला. आणि मी दीडशहाणी! माझे डोळे आले होते तेव्हाचे उरलेले थेंब त्याच्या हातात ठेवले. लाली उतरायची, परत यायची. आम्ही दोघंही निर्धास्त.

शेवटी ठणका लागला, तेव्हा त्याला ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांचा पहिला प्रश्न, “सकाळी कंबर आखडते का?” मला वाटलं, बाईंनी दुसऱ्याच पेशंटचा कागद उचलला. मग त्यांनी दादाचा उजवा डोळा झाकला. “समोरची अक्षरं वाचा.”

“आधी तिथला दिवा तर लावा,” दादा म्हणाला.

दिवा चालूच होता.

कंबरेतला आजारच डोळ्यात उतरला होता. आतली सूज कित्येक महिने चालू होती. कामात तो डोळा मिटलेलाच, एरवी उजवा निभावून न्यायचा, मग कळणार कसं? “पहिल्यांदा लाल झाला तेव्हाच आला असतात तर...” बाई एवढंच बोलल्या. दाखवायला म्हणून पर्समध्ये घेतलेली ती थेंबांची बाटली मी बाहेर काढलीच नाही. मला स्वतःची लाज वाटली.

सूज उतरवायचे थेंब, डोळ्यातली बाहुली मोठी ठेवायचं औषध, सांध्यांच्या डॉक्टरांना फोन, मग त्यांची इंजेक्शनं, सगळं लगेच सुरू झालं. आता चार महिने झालेत. रोज सकाळी दादा उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून दुकानातल्या सर्वांत मोठ्या घड्याळासमोर उभा राहतो. काल मी विचारलं, “किती वाजले, दादा?”

“मोठा काटा दिसतोय.”

“आणि छोटा?”

तो काचेला नाक टेकेपर्यंत पुढे सरकला.

“तीस वर्षं मीच त्याला मिटायला लावलं गं,” तो म्हणाला. “आता बघ म्हणतोय, तर ऐकत नाही.”