मीटरवरचे पंचवीस अंश

गॅरेजमध्ये त्याला सगळे 'धाकधूक' म्हणायचे, आणि त्यात काही खोटं नव्हतं. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा हा माणूस कुलूप लावून निघाला, की अर्ध्या वाटेतून ते ओढून बघायला परत यायचा. त्याची थोरली बहीण, ताई, म्हणायची, "अरे, त्या भीतीला जरा सुट्टी दे!"

त्या ताईचीच गाडी दुरुस्तीला आली होती. ताई नर्स, रोज पहाटे घाट चढून पलीकडच्या दवाखान्यात जायची. रस्त्यावर धरलेला बर्फाचा पापुद्रा डोळ्याला दिसत नाही; बाहेर गारठा वाढला की गाडीच टुंगटुंग वाजून सावध करते. पण आता गाडीतला तापमानाचा मीटर भर दुपारी उणे चाळीस दाखवत होता. बंपरमागचा सेन्सर गेला, की वायर तुटली? त्याने सेन्सर काढून तिथे एक बारीकसा रेझिस्टर अडकवला; तो असला की बाहेर ऊन असो वा बर्फ, मीटरने पंचवीसच दाखवायचं. मीटर पंचवीसवर आला. म्हणजे वायर धडधाकट, सेन्सरच कामातून गेलेला.

असा चाचणीचा तुकडा आत असला, की स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं आणि गाडी कुणाला द्यायची नाही, हा गॅरेजचा शिरस्ता. त्याने बांधलंही. मग ताईची गाडी, काच तरी चकाचक करू, म्हणून तेच फडकं सोडून काच पुसली. आणि नवा सेन्सर आणायला गेला, तो तसाच घरी. इकडे संध्याकाळी ताई आली. फडकं नाही म्हटल्यावर मालकाने खुशाल किल्ली दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो गॅरेज उघडतो तर गाडीची जागा रिकामी! सेन्सर अजून खिशात. बाहेर बादलीतल्या पाण्यावर बर्फ धरला होता, आणि ताईची गाडी तिला पंचवीस सांगत असणार. वाजणार कशाला? फोन लावला, उचलला नाही. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे त्यानेच तिच्याकडून शंभरदा वदवून घेतलं होतं.

"मेलो रे मेलो," म्हणत त्याने गॅरेजची व्हॅन काढली. प्रत्येक वळणावर आधी दरीत बघायचा, मग रस्त्यावर.

उभ्या चढाच्या अलीकडे ताईची गाडी कडेला थांबलेली दिसली. ताई आत हात चोळत बसली होती.

"पंचवीस म्हणे! माझ्या तोंडातून वाफ निघतेय," ती म्हणाली. "म्हटलं, तुझ्या हातची गाडी आणि इतकी निर्धास्त? काहीतरी बिघडलंय नक्की."

त्याने सेन्सर बसवला. मीटर खाली घसरत गेला आणि गाडी टुंगटुंग वाजू लागली. तो तिथेच रस्त्यावर बसला आणि ढसाढसा रडला.

ताईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "पुरे आता, वेड्या. गॅरेजला कुलूप लावून आलास ना?"

लावलं नव्हतं.