पेरूची खरड छाटणी

परसातला पेरू वाढत वाढत गच्चीवर चढला होता आणि बाबांनी त्याला लाडावून ठेवलं होतं. कुणी पानाला हात लावायची सोय नव्हती. रविवारी त्याच्या सावलीत खुर्ची टाकून पेपर वाचणं हे त्यांचं सुख. एरवी ते नाशिकहून मनमाडला नोकरीला जात. उजाडायच्या आत निघत, अंधार पडल्यावर परतत.

आईचं दुखणं वेगळंच होतं. पेरूमुळे गच्चीवर ऊन येईना, म्हणून दर उन्हाळ्यात कुरडया शेजारच्या काकूंकडे वाळत घालाव्या लागत. काकू विचारायच्या, "तुमच्याकडे ऊन पडतच नाही का हो?" आणि चव बघायला म्हणून मूठभर उचलायच्या. आई तिथे हसायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात तिने शेवटी गुपचूप मामाला बोलावलं.

मामाची निफाडकडे द्राक्षबाग. लाल चिकटपट्टी गुंडाळलेली छाटणीची कात्री कायम त्याच्या खिशात असे, आज सोबत करवतही होती. आईने गच्चीवर आलेल्या दोन फांद्या दाखवल्या आणि ती कुरडयांचा चीक शिजवायला आत गेली. मी शिडी धरली. मामाच्या बागेत तेव्हा खरड छाटणी चालू होती, म्हणजे सगळा वेल खरवडून नुसते खुंट ठेवायचे. हात बसलेला. आई बाहेर आली तेव्हा पेरूचेही खुंटच उरले होते.

"अरे, दोन फांद्या सांगितल्या होत्या!"

"ताई, झाड लय माजलं व्हतं. आता बघ कसं फुटतंय! दाजी कधी येणार?"

"संध्याकाळी."

मामाने पुढच्या नळावर हातपाय धुतले आणि चहाही न घेता मोटारसायकलला किक मारली.

बाबा अंधारात आले, त्याच नळावर पाय धुतले, जेवले आणि झोपले. परसात गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आईने त्यांच्या आवडीचं रांधायचा सपाटा लावला. भरली वांगी झाली, पुरणपोळी झाली. पहाटे ती पेरूच्याच वाळक्या काटक्यांवर बंब पेटवून त्यांना अंघोळीला पाणी द्यायची आणि मी पांघरुणात तोंड दाबून हसायचे. वर गच्चीवर कुरडया कडकडीत वाळत होत्या.

रविवारी बाबा खुर्ची आणि पेपर घेऊन परसात गेले. आई दाराआड, मी तिच्यामागे. त्यांनी वर पाहिलं. मग आत येऊन छत्री नेली, खुंटांखाली खुर्ची टाकली, छत्री उघडली आणि पेपर वाचायला लागले.

आईला राहवेना. "रागावलात?"

बाबांनी खिशातून लाल चिकटपट्टीची कात्री काढून तिच्यापुढे धरली. "पहिल्याच रात्री नळावर सापडली. पण रोज ताटात एवढं चांगलंचुंगलं पडत होतं, म्हटलं कशाला बोला."

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"राग आलाय," ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "जाईल हळूहळू. दोन कुरडया तळून आण. आणि मूठभर शेजारी देऊन ये."

"शेजारी कशाला?"

"चव बघायला. सांग, आमच्याच गच्चीवर वाळल्यात."

आई आधी शेजारीच गेली. बाबांच्या कुरडया दुपारपर्यंत तळायच्या राहिल्या.